स्टॉपवॉचचा काटा शून्यावर का येत नाही?



आज एका अगदी छोट्या वस्तूवर लिहिते आहे. बऱ्याच शाळांच्या विज्ञान कपाटात ती अजून असते. मुठीत मावणारं, वर एक बटण असलेलं, चावी द्यायचं स्टॉपवॉच. काही घरांत हीच करामत मनगटी घड्याळात असते. त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. दोन्हींचा एक आजार सारखाच : बटण दाबलं तरी काटा नेमका शून्यावर परत येत नाही. थोडा अलीकडे नाहीतर पलीकडे थांबतो.

"एवढ्याशा फरकाने काय होतं?" असं मीही म्हणत असे. आता म्हणत नाही. का, ते आधी सांगते.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी तालुका क्रीडा स्पर्धेसाठी मुलींची ८०० मीटरची निवड चाचणी होती. मैदान लहान. चुन्याने आखलेली २०० मीटरची फेरी, अशा चार फेऱ्या. सगळ्या मुली एकदम पळवता येईनात, म्हणून दोन गट केले. पहिल्या गटाची वेळ मी कपाटातल्या चावीच्या स्टॉपवॉचवर घेतली. दुसऱ्या गटाची वेळ सहकाऱ्यांनी त्यांच्या डिजिटल घड्याळावर घेतली.

माझ्या गटात पहिली आलेली मुलगी : ३ मिनिटे २.४ सेकंद. दुसऱ्या गटातली पहिली : ३ मिनिटे १.६ सेकंद. जागा एकच. ०.८ सेकंदाने दुसऱ्या गटातल्या मुलीची निवड झाली. माझ्या गटातली मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, घड्याळ बरोबर होतं ना?" मी म्हटलं, "घड्याळ कशाला चुकेल गं?"

पुढच्या आठवड्यात लंबकाचा प्रयोग घेताना तेच स्टॉपवॉच काढलं. बटण दाबून काटा शून्यावर आणला आणि पहिल्यांदा नीट वाकून पाहिलं. काटा शून्यावर नव्हताच. तो १.६ सेकंदांवर उभा होता. पुन्हा दाबलं, पुन्हा १.६. म्हणजे त्या दिवशी घड्याळाने मोजायला सुरुवातच १.६ पासून केली होती! त्या मुलीची खरी वेळ ३ मिनिटे ०.८ सेकंद. ती जिंकली होती.

यादी तोवर पुढे गेली होती. मी वर्गात दोघींसमोर हे सांगितलं आणि माफी मागितली. त्याने ती स्पर्धा परत आली नाही. म्हणून हा लेख. तुमच्या कपाटातलं घड्याळ आजच एकदा काढून बघा.

एका सेकंदाची किंमत आपल्या नाशिक जिल्ह्याला तरी वेगळी सांगायला नको. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटर धावली. तिची वेळ ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद. सुवर्णपदक मिळवणाऱ्या प्रीजा श्रीधरनची वेळ ३१ मिनिटे ५०.४७ सेकंद. दहा किलोमीटर धावून दोघींमध्ये अंतर एक सेकंदसुद्धा नाही. माझ्या घड्याळाची चूक त्याहून मोठी होती.

काटा शून्यावर येतो तरी कसा?

बिघाड समजून घ्यायचा तर आधी नीट चालणारं यंत्र समजून घ्यावं लागतं. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काही क्रोनोग्राफना शून्यावर येण्याची सोयच नव्हती. १८२१ मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक यांनी जे यंत्र वापरलं, ते तबकडीवर शाईचा ठिपका टाकायचं. क्रोनोग्राफ या शब्दाचा अर्थच 'काळ लिहिणारा'. ठिपके मोजायचे आणि वेळ काढायची.

मग लंडनमध्ये स्थायिक झालेले स्विस घड्याळकार अडॉल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये एका युक्तीचं पेटंट घेतलं. ती युक्ती म्हणजे पत्त्यातल्या बदामासारखी दिसणारी एक चकती. आजही चावीच्या स्टॉपवॉचमध्ये आणि क्रोनोग्राफमध्ये हाच बदाम असतो.

सेकंदकाटा ज्या आसावर बसवलेला असतो, त्याच आसावर तबकडीच्या मागे हा बदाम पक्का बसवलेला असतो. काटा फिरला की बदाम फिरतो. बदामाची कड आसापासून सगळीकडे सारख्या अंतरावर नसते. खाचेपाशी ती आसाच्या सर्वांत जवळ असते. तिथून दोन्ही बाजूंनी अंतर हळूहळू वाढत जातं आणि टोकाशी सर्वांत जास्त होतं.

आपण शून्यावर आणण्याचं बटण दाबतो, तेव्हा आत एक सपाट तोंडाची छोटी हातोडी बदामावर येऊन दाबते. बदामाला घसरण्यावाचून पर्याय नसतो. हातोडी जास्तीत जास्त आत शिरेल अशा बाजूला तो फिरतो आणि खाच हातोडीसमोर आली की थांबतो. हातोडीचं सपाट तोंड खाचेच्या दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर टेकतं आणि बदाम तिथेच अडकतो. बदाम अडकला की काटाही अडकला. काटा बसवताना तो बरोबर शून्याकडे तोंड करून बसवलेला असेल, तर प्रत्येक वेळी शून्यच येणार.

हे तुम्हाला घड्याळ न उघडता दिसू शकतं. काटा २० सेकंदांवर थांबवा आणि शून्यावर आणा. तो उलटा, मागे पळतो. आता ४० सेकंदांवर थांबवून बघा. तो पुढे पळतो. जवळच्या वाटेने घरी! बदामाचे दोन उतार आहेत, त्यामुळे असं होतं. मुलांना आधी दाखवू नका. "काटा कुठून परत जाईल?" असं विचारा आणि मग दाबा.

वर्गातली कृती : पुठ्ठ्याचा बदाम

साहित्य : जाड पुठ्ठा, टाचणी, थर्माकोल किंवा मऊ पाटी, पट्टी, कोनमापक, कात्री, सेलोटेप.

१. पुठ्ठ्यावर मध्यबिंदू घ्या. त्यातून दर ३० अंशांवर एक, अशा १२ रेषा काढा.

२. पहिल्या रेषेवर मध्यापासून १ सेंमीवर खूण करा. ही खाच. पुढच्या रेषांवर क्रमाने २, ३, ४, ५, ६ आणि ७ सेंमीवर खुणा करा. ७ सेंमीची खूण खाचेच्या बरोबर समोर येईल. ते टोक.

३. दुसऱ्या बाजूच्या रेषांवरही खाचेकडून टोकाकडे २, ३, ४, ५, ६ सेंमीवर खुणा करा. सगळ्या खुणा गोलसर रेषेने जोडून कापा. बदाम तयार.

४. कडेला सगळीकडे सेलोटेप लावा, म्हणजे कड गुळगुळीत होईल. मध्यबिंदूत टाचणी टोचून बदाम थर्माकोलवर बसवा. तो सहज फिरला पाहिजे.

५. बदामावर टोकाच्या दिशेने ठळक बाण काढा. हा आपला काटा.

६. आता बदाम कसाही फिरवून ठेवा. पट्टी आडवी धरून तिची लांब कड खालून सरळ वर, टाचणीच्या दिशेने सरकवा. बदाम आपोआप वळेल, खाच खाली येईल आणि बाण वर, म्हणजे 'बारा'कडे, जाईल.

एखाद्या वेळी बाण बरोबर खाली, म्हणजे टोक थेट पट्टीवर असेल, तर बदाम अडून बसेल. सेलोटेप न लावलेला खडबडीत बदाम तर मधेही अडकेल. तसं झालं तर प्रयोग फसला असं समजू नका. तुमच्या हातात आजारी घड्याळच आलं आहे. घर्षण वाढलं की बदाम पूर्ण फिरत नाही. खऱ्या घड्याळात हातोडी आणि बदामाच्या कडा घासून चकचकीत का केलेल्या असतात, ते मुलं स्वतःच सांगतील.

आता दुसरा खेळ. बाण बदामावर काढण्याऐवजी कागदाचा कापून त्याच टाचणीत वेगळा, घट्टसा बसवा आणि मुद्दाम थोडा तिरका करा. पट्टी सरकवा. बदाम बरोबर घरी येतो, पण बाण तिरकाच. दर वेळी तेवढाच तिरका. माझ्या स्टॉपवॉचला नेमकं हेच झालं होतं.

निदान : दहा वेळा दाबा, दहा वेळा लिहा

डॉक्टर औषधाआधी नाडी बघतात. आपणही तेच करायचं. घड्याळ उघडायचं नाही, हलवायचं नाही, फक्त निरीक्षण करायचं.

आधी दोन साध्या गोष्टी बघा. घड्याळ खरंच थांबवलं आहे का? दोन बटणांच्या क्रोनोग्राफमध्ये वरचं बटण सुरू-बंद करतं आणि खालचं शून्यावर आणतं. काटा चालू असताना खालचं बटण बहुतेक घड्याळांत अडवलेलं असतं. तेव्हा ते दाबलं जात नाही म्हणून जोर लावू नका. आधी थांबवा. दुसरं, बटण पूर्ण दाबलं आहे का? अनेक घड्याळांत हातोडीला मिळणारा जोर आपल्या अंगठ्याचाच असतो. मुलं भीत भीत अर्धं बटण दाबतात. मग हातोडी अर्धवट पोचते आणि काटा अधेमधे थांबतो. एका दमात, शेवटपर्यंत, पण न आपटता दाबायचं.

एवढं करूनही काटा चुकत असेल, तर वही घ्या. पाच वेळा काटा २० सेकंदांच्या आसपास थांबवून शून्यावर आणा आणि पाच वेळा ४० च्या आसपास थांबवून. काटा कुठे आला ते दर वेळी लिहा. डोळा काट्याच्या बरोबर समोर ठेवा. तिरकं पाहिलं तर तिथेच वेगळी चूक होते.

दहा आकडे समोर आले की साधारण चारपैकी एक चित्र दिसतं.

*पहिलं चित्र : दर वेळी तोच आकडा.* १.६, १.६, १.६, १.४, १.६... बदाम आणि हातोडी ठणठणीत आहेत. काटा आसावर फिरून चुकीच्या कोनात बसला आहे. घड्याळ पडलं, आपटलं किंवा आधीच्या दुरुस्तीत काटा नीट बसवला गेला नाही, तर असं होतं. जाणकार माणसाला हे काम अवघड नाही. काटा उचलून पुन्हा शून्यावर बसवायचा.

*दुसरं चित्र : आकडा सरकत जातो.* ०.४, ०.८, १.०, १.६, २.०... काट्याची पकड सैल झाली आहे. शून्यावर येताना काट्याला मोठा झटका बसतो आणि दर झटक्याला तो आसावर थोडा सरकतो. आज १.६ दिसतं म्हणून उद्याही तेच असेल असं नाही. इथे नुसता काटा फिरवून भागत नाही, त्याची पकड घट्ट करावी लागते किंवा काटा बदलावा लागतो.

*तिसरं चित्र : आकडे कसेही येतात.* ०, २.२, ५९.४, ०.६, ३.०... हातोडी बदामावर पूर्ण बसत नाही. जुनं तेल सुकून चिकट झालं असेल, धूळ किंवा गंज असेल, नाहीतर हातोडी झिजली-वाकली असेल. २० वरून बरोबर येतं पण ४० वरून चुकतं, असं दिसलं तर तेही टिपून ठेवा. याला पूर्ण साफसफाई आणि तेलपाणी लागतं.

*चौथं चित्र : काटा हलतच नाही.* बटण अडकलं असेल, आतली पट्टी किंवा स्प्रिंग तुटली असेल. बटणाभोवती हिरवट-तपकिरी थर दिसला तर घाम आणि ओलावा आत गेला असण्याची शक्यता असते. इथे प्रयोग थांबवा आणि दुरुस्तीला द्या.

सेकंदकाटा बरोबर येतो पण मिनिटांचा छोटा काटा चुकतो, असंही होतं. मिनिटाच्या काट्याला त्याचा स्वतःचा बदाम असतो. दोन्ही बदामांवर हातोड्या एकाच वेळी नीट बसाव्या लागतात. एक आधी टेकली तर दुसरी अधांतरी राहते.

ही वही दुरुस्ती करणाऱ्याकडे घेऊन जा. मी आमचं स्टॉपवॉच जुन्या नाशकात मेन रोडजवळ एका वयस्कर काकांकडे नेलं. बाकी काही न विचारता त्यांनी वहीतले आकडे वाचले आणि म्हणाले, "काटा फिरलाय. मशीन चांगलं आहे." 'बाई, घड्याळ बिघडलंय' एवढंच सांगितलं असतं, तर त्यांना सगळं उघडून शोधत बसावं लागलं असतं.

तोवर प्रयोगाचं काय?

इथे घड्याळाचा प्रश्न संपतो आणि विज्ञानाचा धडा सुरू होतो. अकरावीच्या पदार्थविज्ञानात मापनातील त्रुटी शिकवतात. व्हर्नियर कॅलिपर आणि स्क्रू गेजची शून्य त्रुटी मुलं पाठ करतात. स्टॉपवॉचलाही शून्य त्रुटी असू शकते हे मात्र क्वचितच कोणी सांगतं.

पहिल्या चित्रातलं घड्याळ दुरुस्त होईपर्यंत वापरता येतं. सूत्र साधं आहे :

खरी वेळ = वाचलेली वेळ − शून्य त्रुटी

काटा १.६ वर येत असेल तर प्रत्येक वाचनातून १.६ वजा करा. काटा शून्याच्या अलीकडे, म्हणजे ५८.८ वर येत असेल, तर त्रुटी −१.२. ती वजा करायची म्हणजे १.२ मिळवायचे. इथे मुलं हमखास गडबडतात. "घड्याळ शून्याच्या मागून निघालं, म्हणून ते कमी दाखवेल" असं सांगितलं की पटतं.

आता ही दुरुस्ती केली नाही तर काय होतं ते बघा. १ मीटर लांबीच्या लंबकाला २० दोलनांसाठी सुमारे ४०.१ सेकंद लागतात. दोलनकाल २.००५ सेकंद आणि त्यावरून गुरुत्वत्वरण सुमारे ९.८ मी./से.² येतं. घड्याळात फक्त १ सेकंदाची शून्य त्रुटी असेल, तर वाचन ४१.१ येईल, दोलनकाल २.०५५ आणि गुरुत्वत्वरण सुमारे ९.३५! मूल बिचारं पुन्हा पुन्हा प्रयोग करतं, पुन्हा पुन्हा ९.३५ येतं आणि शेवटी ते वहीत ९.८ लिहून मोकळं होतं. खोटं लिहायची सवय अशी लागते. दोष मुलाचा नसतो, सुरुवातीला शून्य न बघणाऱ्या आपला असतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अनेकदा वाचनं घेऊन सरासरी काढली की चूक जाते असं आपण शिकवतो. तिसऱ्या चित्रातल्या, कधी इकडे कधी तिकडे होणाऱ्या चुकांचा परिणाम सरासरीने कमी होतो. पहिल्या चित्रातली चूक मात्र सरासरीने तसूभरही हलत नाही. शंभर वाचनं घेतली तरी १.६ तिथेच राहतो. त्या मुलीला मी दहा वेळा पळवलं असतं, तरी माझं घड्याळ दहाही वेळा तिच्यावर तेवढाच अन्याय करत राहिलं असतं.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या चित्रातलं घड्याळ? त्यावर कुणाचीही निवड करू नका. वजा काय करायचं हेच माहीत नाही, तर दुरुस्ती कशाची करणार?

घड्याळाची मर्यादाही मुलांना सांगा. सेकंदाला ५ ठोके देणाऱ्या स्टॉपवॉचचं लघुतम माप ०.२ सेकंद असतं. त्याहून बारीक फरक ते सांगूच शकत नाही. शिवाय डोळ्याने पाहून अंगठा दाबायलाही वेळ लागतोच. म्हणून ॲथलेटिक्समध्ये हाताने वेळ घेताना एकाच घड्याळावर विसंबत नाहीत. तीन वेळाधिकारी असतात. दोघांची वेळ जुळली तर ती धरतात, तिघांची वेगळी आली तर मधली. शाळेच्या चाचणीतही हे सहज जमतं. आणि शक्यतो दोन गटांची वेळ एकाच घड्याळावर घ्या. तसं केलं असतं तर दोघींची वेळ सारखीच चुकली असती आणि निवड तरी बरोबर झाली असती.

पालकांसाठी : घरातला क्रोनोग्राफ

तबकडीवर दोन-तीन छोट्या तबकड्या आणि बाजूला दोन बटणं असलेलं घड्याळ अनेक घरांत असतं. मधला मोठा काटा हलत नाही म्हणून "सेकंदकाटा बंद पडला" असं काही जण समजतात. बहुतेक क्रोनोग्राफमध्ये तो मोठा काटा फक्त वेळ मोजण्यासाठी असतो. रोजचा सेकंदकाटा एका छोट्या तबकडीत असतो.

आधी घड्याळ बॅटरीचं आहे की चावीचं ते ओळखा. तो छोटा सेकंदकाटा सेकंदाला एक ठोस उडी मारत असेल तर बहुधा बॅटरीचं. बारीक बारीक ठोक्यांनी सरकत असेल तर यांत्रिक. बॅटरीच्या घड्याळात, विशेषतः बॅटरी बदलल्यावर, मोठा काटा शून्यावर न येणं अगदी सामान्य आहे. पुष्कळ घड्याळांत त्याला घरच्या घरी उपाय आहे. चावीचं बोंड बाहेर ओढून बटण दाबत गेलं की काटा एकेक पाऊल सरकतो. शून्यावर आला की बोंड आत ढकलायचं. कोणतं बटण आणि किती ओढायचं, हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

यांत्रिक घड्याळात हा उपाय नाही. तिथे वरची दहा वाचनांची वही आणि मग जाणकार माणूस. घरी झाकण उघडून शिलाई मशीनचं तेल सोडू नका. ते पसरतं, धूळ धरतं आणि आजार वाढवतं. पाण्यात हात असताना बटणं दाबू नका. आजोबांचं घड्याळ वर्षानुवर्षं तसंच पडून असेल तर आतलं तेल सुकलेलं असणारच. रोज वापरात असलेल्या यांत्रिक घड्याळालाही साधारण चार-पाच वर्षांनी साफसफाई लागते.

शाळेसाठी : कपाटातली काळजी

• स्टॉपवॉच आणि आम्लाच्या बाटल्या एकाच कपाटात ठेवू नका. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेने लोखंडी भाग गंजतात. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडच्या शाळांनी पावसाळ्यात विशेष जपावं. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

• सुट्टीत ठेवताना स्टॉपवॉच चालू करून चावी पूर्ण उतरू द्या. स्प्रिंग महिनोन् महिने ताणलेली राहत नाही.

• दोरी गळ्यात किंवा मनगटात अडकवल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका. एकदा पडलं की काटा फिरलाच म्हणून समजा.

• डब्यावर एक चिठ्ठी चिकटवा : तारीख, शून्य त्रुटी, तपासणाऱ्याचं नाव. दर सत्राच्या सुरुवातीला मुलांकडूनच भरून घ्या.

आणखी एक सुचवते. सातपूर, अंबडच्या एमआयडीसीत किंवा ओझरच्या विमान कारखान्यात काम करणारे पालक आपल्या शाळांत असतात. मायक्रोमीटर हातात घेतला की आधी शून्य बघायचं, ही त्यांची रोजची सवय आहे. त्यांना एक तास वर्गात बोलवा. 'शून्य त्रुटी' हा परीक्षेत दोन गुणांना येणारा शब्द नाही, आपल्या बाबांच्या हाताची सवय आहे, हे मुलांना त्यांच्याकडून कळलं तर जास्त चांगलं कळेल.

आमचं स्टॉपवॉच आता दुरुस्त झालं आहे. काटा बरोबर शून्यावर येतो. तरीही शर्यत सुरू होण्याआधी आमच्याकडे एक मूल पुढे येतं, घड्याळात वाकून बघतं आणि मोठ्याने ओरडतं, "शून्य आहे!" मगच शिट्टी वाजते. हे काम पहिल्यांदा मी त्याच मुलीला दिलं होतं. तिने काट्याकडे बराच वेळ पाहिलं, बटण पुन्हा एकदा दाबून खात्री केली आणि मगच मान हलवली.

तुमच्या कपाटातल्या घड्याळाचे दहा आकडे काय आले, ते जरूर कळवा.